जुन्या चार टायरांचा पत्ता

"बाई, या टायरनं आतून फुगा धरला. याच्यावर हैदराबादले नका जाऊ," पूनमसिंग म्हणाला, तेव्हा दीपमाला समूच्या गळ्यातलं ओलं लाळेरं बदलत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "बरं काका, सांगते त्यांना."

आणि सांगितलं नाही.

त्याला कारण होतं, आणि त्या दिवशी तरी ते तिला पटलं होतं. यवतमाळहून निघतानाच नवरा-बायकोत करार झाला होता. हैदराबाद येईस्तोवर दीपमालानं गाडीबद्दल एक वाकडा शब्द बोलायचा नाही, आणि संघदीपनं काटा नव्वदच्या वर न्यायचा नाही. हा करार होण्याआधीची दोन वर्षं त्या गाडीनं घरात सवतीसारखी काढली होती.

गाडी लाल. बुटकी, रुंद, जमिनीला चिकटून बसलेली. संघदीपनं लग्नाच्या आधी घेतलेली. इंजिन लहानसं, पण त्याला टर्बो. म्हणजे काय, ते त्यानं दीपमालाला साखरपुड्याच्या दिवशीच समजावून सांगितलं होतं, आणि तिनं ते होकारार्थी मान हलवत ऐकलं होतं, ही तिची पहिली चूक. समोर दोन ट्रक असले आणि रस्ता मोकळा दिसला, की संघदीप नुसता पाय दाबायचा. गाडी एक क्षण दम धरायची आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. पुढे बसणाऱ्याला मजा येत असेल. दीपमाला मागे बसायची, समूच्या खुर्चीला खेटून, गुडघे पोटाशी घेऊन. बाळाची ढकलगाडी डिकीत मावत नसे, म्हणून ती तिच्या पायांवर. आणि खाली ते टायर. चाकं ही एवढी मोठी आणि त्यांच्याभोवती रबर बांगडीइतकं. रस्त्यावरचा खडा मोठा की लहान, हे तिला पाठीच्या कण्यातून कळायचं. हायवेला लागलं की गाडी जमिनीला धरून सरळ जायची, हे तिला मान्य होतं, पण सिमेंटच्या रस्त्यावर टायरांची जी घरघर सुरू व्हायची, तिनं नऊ महिन्यांची समू दर दहा मिनिटांनी दचकून उठायची.

संघदीपची कंपनी हैदराबादची. काम घरूनच, पण दीड महिन्यातून तीन दिवस तोंड दाखवावं लागायचं. त्याची बहीण ममता तिथंच राहते, म्हणून तिघंही जायचे. मुक्काम ठरलेला, पहिला थांबाही ठरलेला: पांढरकवड्याला हायवे लागला की थोडं पुढे, ढाब्याच्या समोर, पूनमसिंगचं टिनाचं शेड. तिथं हवा बघायची, समूला दूध पाजायचं.

त्या दिवशी संघदीप नेहमीप्रमाणे इंजिन चालूच ठेवून उतरला. "एक मिनिट राहू दे, टर्बो थंडा होऊ दे," असं म्हणून बाटलीसाठी गरम पाणी आणायला ढाब्यावर गेला. पूनमसिंगनं हवा भरता भरता डाव्या बाजूच्या मागच्या टायरच्या पाठीमागे हात घातला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग खिडकीशी येऊन ते वाक्य बोलला. साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, हात कोपरापर्यंत काळे. बोलला आणि दुसऱ्या ट्रककडे गेला. आग्रह केला नाही, काही विकायला काढलं नाही. हे सगळं दीपमालाला नंतर आठवलं. त्या वेळी तिला एवढंच वाटलं की हायवेवरचे लोक असंच सांगतात, टायर खपवायला. शिवाय करार.

आणि आणखी एक गोष्ट. दीपमालाला काळज्या इतक्या होत्या, की त्यांतली खरी कोणती हे तिचं तिलाच ओळखू येईनासं झालं होतं. समू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून ती श्वास बघायची. गॅसचं बटण दोनदा बघायची, जिन्यातून परत येऊन तिसऱ्यांदा बघायची. एम.एस्सी. झालेली बाई, आपण काय करतोय हे तिला कळायचं. "तुझी काळजी फिल्टर केली पाहिजे," संघदीप चिडवायचा. म्हणून तिनं त्या दिवशी फिल्टर केली. आदिलाबादपर्यंत तीनदा वाक्य ओठांवर आलं, पण काटा बघावा तर अठ्ठ्याऐंशी. तो बिचारा आपला शब्द पाळत होता. मग तिनंही पाळला. पोचले. चार दिवसांनी परतही आले. काही झालं नाही, आणि काही न झाल्यामुळे पूनमसिंगचं वाक्य बाकीच्या शंभर काळज्यांत मिसळून गेलं.

दीड महिन्यानं पुन्हा निघाले, गुरुवारी सकाळी.

मोहदा मागे पडला तेव्हा दीपमालाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आधी तिला कळेचना काय. तिनं कानात बोट घालून हलवलं. जांभई दिली. समूकडे पाहिलं: समू झोपलेली. अर्धा तास सलग झोपलेली. तिनं नाकाशी बोट धरलं. श्वास ठीक.

"अहो, हळू चालवताय का?"

"चौऱ्याऐंशी."

"मग आवाज काहून येत नाही?"

"कशाचा आवाज?"

त्याच्या मानेवरून तिला दिसलं की तो हसतो आहे. पण काहून हसतो आहे ते कळेना. एक खड्डा आला. तिनं सवयीनं दात आवळले, ढकलगाडी घट्ट धरली. गाडी 'धप्प' न करता नुसती वर-खाली झाली, पाळण्यासारखी. जी वस्तू नेहमी कडक असते ती एकाएकी मऊ झाली, तर काहीतरी ढिलं झालं असणार, असा तिचा हिशेब.

"खालून काही सुटलं तर नाही ना? उतरून बघता का जरा?"

"बाप्पा. गाडी ओरडली तरी त्रास, गप्प बसली तरी त्रास. तुले नेमकं पाहिजे काय?"

"मला समजत नाहीये काय झालं, ते पाहिजे."

"ओळख."

"मी कोडं सोडवायच्या मूडमध्ये नाही, संघदीप." अहोवरून ती नावावर आली की गोष्ट गंभीर, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत राहिला. बायकोला काहीतरी चांगलं दिल्याचा आनंद माणसाच्या मानेवरसुद्धा दिसतो. पण दीपमालाला त्या मानेत लपवाछपवी दिसली. मागे अपघात झाला असेल आणि सांगितला नसेल. गाडी विकायला काढली असेल. आपल्यालाच ऐकू येईनासं झालं असेल. बाळंतपणानंतर होतं असं कुणाकुणाला, तिनं वाचलं होतं.

पांढरकवड्याला तो शेडसमोर थांबला, इंजिन चालू ठेवून उतरला. पूनमसिंग खाटेवरून उठला. लाल गाडी लांबूनच ओळखली होती त्यानं.

"या साहेब. बदलला ना तो टायर?"

"कोणता?"

"मागचा, डावा. फुगा होता त्याले. मी बाईले बोललो होतो मागच्या खेपेले."

संघदीपनं खिडकीतून आत पाहिलं. दीपमालाच्या हातात समूचं टोपडं होतं. ते तिनं नीट घडी घातलं, उलगडलं, पुन्हा घडी घातलं.

पूनमसिंग उत्तराची वाट न बघता उकिडवा बसला आणि मागे हात घातला. चेहरा गोंधळला. उठून दुसऱ्या बाजूला गेला, तिकडे हात घातला. मग पुढची दोन्ही चाकं.

"अजब आहे," तो म्हणाला. "माझा हात खोटं बोलत नाही कधी. उजवा होता का बाई?"

"डावाच म्हणाले होते तुम्ही," दीपमाला म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय कबूल केलं.

संघदीप मात्र हसायला लागला. आता लपवून काही उपयोग नव्हता. "काका, टायरच नवे आहेत. चारही. हिले आवाजाचा त्रास होत होता ना, पोरगी झोपत नव्हती. म्हणून मंगळवारी मऊ घेतले, कमी आवाजवाले. म्हटलं, न सांगता बसवू, बघू ओळखते का." मग तिच्याकडे वळून, "नाही ओळखलं न तू. मी जिंकलो."

दीपमालाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे नुसता उचकीसारखा आवाज निघाला. कान ठीक होते. गाडी ठीक होती. फुगा घरातून गेला होता, तिनं काही न करता गेला होता. ती दार उघडून खाली उतरली, पूनमसिंगच्या खाटेवर बसली. उन्हात ट्रक जात होते, एकामागून एक. त्यांच्याकडे बघता बघता तिच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला, आणि तो विचारू नये असं तिला फार वाटलं.

"जुने कुठे आहेत?"

"दुकानातच दिले. वरची नक्षी चांगली होती अजून, पंधरा हजार किलोमीटर तरी चालले असते. फेकायचे कशाला?"

"त्यानं काय केलं त्यांचं?"

संघदीपचं हसू हळूहळू उतरलं.

यवतमाळच्या दारव्हा रोडवरचा टायरवाला ऋतिक. त्याला फोन संघदीपनं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"जय भीम, भाऊ. कसे वाटले टायर? वहिनी खूश?"

"ते जुने चार आहेत का रे तुझ्याकडे?"

"गेले नं भाऊ. कालच गेले. तो साइज कोणी विचारत नाही, तुमच्या गाडीशिवाय कोणाले लागत नाही. पण नशीब पाहा, एक जण तेच शोधत आला. तुमच्यासारखीच गाडी, पांढरी."

"कोण होता?"

"नाव नाही विचारलं. नेरकडचा म्हणे. त्याचे टायर पार गुळगुळीत झाले होते. बायको नागपूरले माहेरी बाळंत झाली. सव्वा महिना भरला की आणायचं आहे, एवढ्या लांब लेकराले आणायचं तर गुळगुळीत टायर नको, म्हणे. चांगला माणूस वाटला. दोन मागच्या सीटवर टाकले, दोन डिकीत. गावातच बसवतो म्हणाला."

"गाडीचा नंबर?"

"आता कोण नंबर पाहते भाऊ. रोख देऊन गेला. काय झालं?"

संघदीपनं काय झालं ते सांगितलं. पलीकडे दुकानातला हवेचा पंप बंद केल्याचा आवाज आला. मग ऋतिक हळूच म्हणाला, "मी बाहेरून पाहिले होते सगळे. बाहेरून एक नंबर होते. तुम्ही काही बोलले नाही, तर मी..."

"मले माहीत नव्हतं," संघदीप म्हणाला. फोन ठेवला.

पूनमसिंगनं विडी पेटवली नाही, नुसती बोटांत धरून ठेवली. "गावात फिरवला तर वर्ष काढील तो टायर," तो म्हणाला. "आतल्या दोऱ्या तुटल्या असतात, नुसत्या रबरानं हवा धरलेली असते. लांब गेला, उन्हात, माणसं बसवून, की गरम होते. मग सांगता येत नाही. आणि मागचा फुटला तर गाडी गोल फिरते."

"सव्वा महिना कधी भरतो त्यांचा?" दीपमालानं विचारलं. कुणाला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं.

संघदीप तिच्याशेजारी खाटेवर येऊन बसला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"काहून नाही सांगितलं?"

"करार होता ना." मोठ्यानं बोलल्यावर ते इतकं पोकळ वाटलं की तिनं घाईघाईनं पुढे जोडलं, "तुम्ही हसले असते. फिल्टर म्हणाले असते."

"हसलो असतो," तो म्हणाला. जरा थांबून, "पण उतरून हात फिरवला असता."

आत समू जागी झाली, पण रडली नाही. खुर्चीत बसून स्वतःच्या पायाचं बोट तोंडात घालायचा प्रयत्न करत राहिली. दीपमाला तिच्याकडे बघत होती आणि तिला दुसरंच बाळ दिसत होतं: सव्वा महिन्याचं, दुपट्यात गुंडाळलेलं. मागच्या सीटवर असेल ते. मागेच बसवतात बाळंतिणीला, सुरक्षित म्हणून. त्या बाईलाही काळज्या असतील. बाळाच्या गळ्यात ताईत बांधला असेल, खिडकीला ओढणी लावली असेल ऊन लागू नये म्हणून. आणि नवऱ्यानं सांगितलं असेल, टायर बदलले मी, तू बिनघोर बस.

संघदीप उठला. लांब जाऊन फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलला, दोनदा 'सॉरी' म्हणाला. परत आला तेव्हा किल्ली हातात होती.

"बस गाडीत."

"हैदराबाद?"

"नेर."

त्या दिवशी त्या छोट्या गाडीनं जे केलं त्याला दीपमालानं नाव ठेवलं नाही. यवतमाळपर्यंत परत आणि तिथून पुढे नेर, मधे फक्त पेट्रोलला थांबले; गाडीची टाकीही तिच्यासारखीच लहान. करार कुणाला आठवला नाही. काटा नव्वदच्या वर गेला तेव्हा दीपमालानं पाहिला आणि खिडकीबाहेर नजर वळवली. समोरून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे दोघंही वळून बघत होते. दोनदा संघदीप म्हणाला, "ती होती का?" आणि दोनदा ती दुसरीच निघाली.

नेरला संघदीपचा मामेभाऊ रोशन. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चहा मागवला, आणि सगळं ऐकून डोकं खाजवलं.

"वहिनी, नेर तालुक्यात पांढरी गाडी शोधणं म्हणजे कापसाच्या गंजीत कापूस शोधणं हाय. तो नेरचा की नेरकडचा?"

"नेरकडचा म्हणाला."

"मंग तर झालंच. शंभर गावं हायेत नेरकडं."

तरी तो निघाला. त्यांनी गावातली पंक्चरची दुकानं धुंडाळली. एक जण म्हणाला, काल चार टायर घेऊन कुणी आला होता, पण गाडी चंदेरी होती. त्याचा शेजारी म्हणाला, चंदेरी नाही, पांढरीच, धूळ बसली होती. तिसरा म्हणाला, तो काल नाही, मागच्या रविवारी. मार्केटसमोर तशीच एक बुटकी पांढरी गाडी उभी दिसली. संघदीप सरळ रस्त्यावर बसला, चाकामागे हात घातला, आणि गाडीचा मालक, एक गुरुजी, हातातली पिशवी टाकून धावत आला. गुरुजींची बायको नागपूरची नव्हती आणि त्यांना लहान मूलही नव्हतं. टायर मात्र त्यांनी चारही तपासून घेतले, आले आहात तर बघून जा म्हणाले.

मग दीपमालाला सुचलं. गाड्या शोधून सापडत नव्हत्या. बाळंतिणी सापडल्या असत्या. समूच्या वेळी सरकारी दवाखान्याच्या आशाताई दर आठवड्याला दारात यायच्या, वहीत नाव, तारीख, बाळाचं वजन. रोशननं ओळखीच्या आशाताईला बोलावलं. दीपा तिचं नाव, खांद्याला पिशवी, बोलायला तयार पण वहीला हात लावू द्यायला नाही.

"नावं नाही सांगता येत ताई, असं कोणालेही. मीच पाहते." तिनं पानं उलटली. "माहेरी गेलेल्या पाच. नागपूरची एक. तिच्या नवऱ्याकडे मोटरसायकल हाय."

"दुसऱ्या गावांत?"

"त्यांच्या वह्या त्यांच्याजवळ. मी ग्रुपवर टाकते. पण काही जणी बाहेरच नाव नोंदवतात, खासगीत. त्या आमच्या वहीत येत नाही." मग दीपमालाच्या चेहऱ्याकडे बघून तिनं वही बंद केली. "तुम्ही कायले इतकं मनाले लावून घेता? तुम्ही थोडीच विकले."

दीपमालानं समूला दुसऱ्या कडेवर घेतलं. विकले नव्हते. फुगाही तिनं आणला नव्हता. आवाजाचा त्रास होतो, एवढंच ती म्हणाली होती, आणि त्यातून हे सगळं कसं झालं ते तिला अजूनही नीट लावता येत नव्हतं. कुठलं टोक ओढलं असतं तर गाठ सुटली असती? ती नुसतं एक वाक्य बोलली असती तर. ते वाक्य तर तोंडपाठ होतं, आदिलाबादपर्यंत तीनदा म्हणून झालेलं.

ऊन कलल्यावर ते नेरहून निघाले. रोशन अजून विचारतो आहे. ऋतिकनं दुकानावर पाटी लावली आहे. पूनमसिंग येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या बुटक्या गाडीला हात करून थांबवतो, असा त्याचा निरोप आहे. पण तो माणूस नागपूरहून नेरला येणार, पांढरकवडा त्याच्या वाटेवर नाही. दीपाच्या ग्रुपवर सात उत्तरं आली, त्यातलं एकही तो नाही. तारीख कुणालाच माहीत नाही. कदाचित बाळ घरी आलंही असेल, सुखरूप, आणि गाडी दारात उभी असेल, पुढच्या लसीसाठी नागपूरला निघायच्या तयारीत.

म्हणून दीपमाला आता तुम्हालाच विचारते आहे, तुम्ही जे कुणी हे वाचत असाल. तुमच्या गावात, नात्यात, शेजारी असा कुणी आहे का: पांढरी, बुटकी, मोठ्या चाकांची छोटी गाडी, बायको नागपूरला बाळंत झालेली, यवतमाळहून चार जुने टायर आणलेले? असेल तर फोनवर सांगून भागवू नका. तो हसेल, टायर एक नंबर आहेत म्हणेल. स्वतः जा. कोणत्या चाकाला कोणता टायर बसवला ते आता कुणालाच सांगता येणार नाही, तेव्हा चारही चाकांमागे हात फिरवा. आणि आत जाऊन बघून या, बाळ-बाळंतीण घरी पोचली का.